दोन मिनिटांचे हवालदार

हवालदारांच्या घरात भाडेकरू म्हणून राहायला गेलो, त्या पहिल्याच सकाळी मी तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात भिरकावलं. ते ओसरीवर आरसा टेकवून दाढी करत बसले होते. अर्धी दाढी तशीच टाकून उठले, पाणी पडलं होतं तिथवर आले आणि एखादं माणूस पडल्यावर बघावं तसे त्या ओल्या मातीकडे बघत राहिले.

"मास्तरीणबाई, ह्या घरात पाणी फेकायचं न्हाई. उरलं तर झाडाला, झाडाला नको तर बैलाला, बैलाला नको तर मला. बराबर?"

मी नुकतीच लग्न होऊन वसमतहून आले होते. घाबरून मान हलवली. आत येऊन ह्यांना म्हटलं, "म्हातारा वेडा आहे का?" हे गावच्या शाळेत मास्तर, शाळेला निघायच्या घाईत होते. म्हणाले, "वेडा नाही. बसऱ्याच्या लढाईला जाऊन आलाय."

कनेरगाव नाक्यापासून दोनेक कोसांवरचं ते गाव. पलीकडे ओढा, माळ आणि माळाच्या पलीकडे वऱ्हाड. वऱ्हाडात इंग्रजांचं राज्य, आमच्याकडे निजामाचं. बायका सरपणाला ओढ्यापलीकडे गेल्या तरी गमतीनं म्हणायच्या, "विलायतेला जाऊन आले." पुढं ह्याच ओढ्याकडे लोक रात्रंदिवस डोळे लावून बसतील, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

हवालदार उंच, कोरडे, जोंधळ्याच्या ताटासारखे सरळ. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. एका कानानं ऐकू येत नसे, म्हणून सगळं ओरडून बोलायचे. शेतात औत वळवताना बैलांना "दाहिने मुड!" अशी आरोळी ठोकायचे, आणि बैल खरोखर उजवीकडे वळायचे. मात्र शेजारच्या शेतातले बैलही बिथरायचे आणि त्यावरून भांडणं व्हायची. अंथरुणाच्या घडीचे कोपरे एकमेकांवर नीट बसले नाहीत तर घडी मोडून पुन्हा घालायचे. माझ्या घडीचेही कोपरे बघून जायचे. मी चिडायचे, पण महिन्याभरात माझाही हात तसाच वळला.

भीतीबद्दल त्यांचं मत वेगळंच होतं. गावात एकदा वाघ आल्याची आवई उठली आणि आमचे हे, मुळातच भित्रे, दोन दिवस शाळेत गेले नाहीत. लोक हसले. हवालदार हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, भ्यायला हरकत न्हाई. पळायला बी हरकत न्हाई. मी बी पळालो हाय. फक्त आपण कोणाला मागं ठिवून पळून राहिलो, तेवढं वळून बघावं. बराबर?"

गावातली पोरं त्यांना 'दोनमिंट्या' म्हणायची. ते कशामुळे, ते मला पहिल्या दिवाळीनंतर कळलं.

बसऱ्याची लढाई ज्या महायुद्धातली, ते थांबलं तो दिवस नोव्हेंबरची अकरा तारीख. अकरा वाजता तोफा गप्प झाल्या, म्हणून जगभर त्या घटकेला माणसं दोन मिनिटं उभी राहतात, असं त्यांना छावणीतल्या कुठल्या तरी साहेबानं सांगितलं होतं. साहेब विलायतेला परत गेला, पलटण मोडली, पण हवालदारांना 'आता राहू द्या' असा हुकूम कुणी दिला नाही. म्हणून ते दर साली मारुतीच्या पारासमोर उभे राहायचे. सुरुवात एकट्यानंच केली, मग मुलं जमायला लागली, कारण उभं राहणाऱ्याला गूळ-शेंगदाणे मिळायचे. मग मुलांच्या मागं आया, आणि ओढ्याच्या अंगाच्या तांड्यावरचे दहा-वीस लोक.

घड्याळाचं तर पथ्यच होतं. कनेरगाव नाक्यावर जकातीच्या चौकीत घड्याळ होतं, पण हवालदारांचा त्यावर भरवसा नव्हता. "जकातवाल्याचं घड्याळ त्याच्या पोटावर चालते," म्हणायचे. आदल्या दिवशी ते चालत हिंगोलीला जायचे, रेल्वे स्टेशनच्या घड्याळाला आपलं खिशातलं घड्याळ लावायचे आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या कितीतरी आधी परत निघायचे. घरी येऊन पितळी बटणांचा खाकी डगला घालायचे, छातीवर बिल्ले लावायचे आणि पारासमोर येऊन ओरडायचे, "खडे रहो!"

दोन मिनिटं म्हणजे केवढी असतात, ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. गावात एवढा वेळ कधीच काही थांबत नाही. कोंबडं, जातं, रडणारं मूल, काहीतरी चालूच असतं. माणसं गप्प झाली की ते सगळं उघडं पडायचं. त्यानंतर हवालदार हजेरी घ्यायचे. पंचक्रोशीतले चौघे त्यांच्याबरोबर गेले होते आणि आले नव्हते.

"शेख इमाम!" मग थांबायचे. जणू खरंच 'हाजिर' असा आवाज येणार आहे. "धनसिंग तांडेवाला!" पुन्हा थांबायचे. "सखाराम!" "रामजी!" प्रत्येक नावानंतरचं ते थांबणं मला त्या दोन मिनिटांहून भयंकर वाटायचं.

शेख इमामची बायको खातूनबी आमच्याच आळीत राहायची. बांगड्या भरणारी. माझ्या चुड्यातली पहिली बांगडी त्या गावात वाढवली तेव्हा तिनंच नवी भरली, हात इतका अलगद दाबून की कळलंसुद्धा नाही. तिनंच मला पुढची गोष्ट सांगितली.

हवालदार लढाईवरून परतले तेव्हा तिच्या दारात गेले आणि म्हणाले, तुझा नवरा गोळी लागून मेला, म्होरच्या रांगेत होता. तिनं ते मानलं. गावात तिचा मान वाढला. पहिल्या साली हवालदार एकटेच पारापुढं उभे राहिले, दोन मिनिटं झाली, त्यांनी 'शेख इमाम' असं नाव घेतलं आणि तसेच चालत तिच्या घरी आले. उंबऱ्याबाहेर बसले आणि म्हणाले, "भाबी, मी खोटं बोललो. त्याला गोळी न्हाई लागली. हगवण लागली. पानी पानी करून गेला. माझ्या बाटलीत पानी व्हतं थोडं. मी त्याला अर्धंच देलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी खातूनबीला विचारलं.

"काय म्हणू बेटी? मी दोन साल त्यायच्याशी बोलले न्हाई. मंग एक दिस म्हणलं, हवालदार, खोटं बोलून माझ्याकडून दुवा घेता आली असती तुमाला. न्हाई घेतली. या, च्या प्या."

अंगणात सांडलेल्या पाण्याकडे ते तसे का बघत होते, ते मला त्या दिवशी उमगलं.

देश स्वतंत्र झाला त्या साली आमचं गाव स्वतंत्र झालं नाही. ओढ्यापलीकडे झेंडे लागले, अलीकडे झेंड्याचं कापड घरात सापडलं तरी माणूस उचलून न्यायचे. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. खाकी घालायच्या, म्हणून लोक नुसते 'खाकीवाले' म्हणायचे आणि तेही आवाज खाली आणून. कुठल्या गावी काय झालं ते रोज कळायचं आणि रोज वाढून कळायचं. संध्याकाळ झाली की बायका भाकरी बांधून, लेकरं कडेवर घेऊन ओढ्याच्या अंगाला जाऊन बसायच्या. दुरून धूळ दिसली की वऱ्हाडात उतरायचं. माझा मोठा तेव्हा पावणेदोन वर्षांचा. तो रडला की माझा हात आपोआप त्याच्या तोंडावर जायचा. आमच्या ह्यांची नोकरी सरकारी. पळावं तर नोकरी जाते, राहावं तर जीव. रोज सकाळी ट्रंक भरायची आणि दुपारी सोडायची, असं चाललं होतं.

अशात अकरा तारीख जवळ आली. पाटील स्वतः घरी येऊन म्हणाले, "हवालदार, औंदा ऱ्हाऊ द्या. चार मानसं जमलेली दिसली तर ते सभा समजतेत."

"सभा बोलायची असते पाटील. आमी तर गप उभे राहतो."

"ते इचारत बसतेत काय?"

"मंग मी एकटा उभा राहतो. बराबर?" आणि दहा तारखेला नेहमीप्रमाणे ते हिंगोलीच्या वाटेला लागले. त्या वाटेला त्या दिवसांत कुत्रंसुद्धा एकटं जात नव्हतं.

अकरा तारखेची ती सकाळ मला अजून अंगावर येते. दहा वाजले असतील तरी ते आले नव्हते. एरवी दहाच्या आत यायचे. हे शाळा सोडून घरी आले आणि ओसरीवर फेऱ्या मारू लागले. "आले नाहीत तर बरंच," असं म्हणाले आणि लगेच स्वतःचीच जीभ चावली. खातूनबी दोनदा वेशीपर्यंत जाऊन आली. पारासमोर कुणी नव्हतं. पण दारादारांतून माणसं उभी होती, येतात का नाही ते बघत. एकट्याला सोडायचं नाही असं मनात असलेली, आणि ते येऊच नयेत असंही मनात असलेली.

ते आले. पायात धूळ, तोंड काळवंडलेलं. रस्त्यावर एक टोळी दिसली म्हणून तुरीच्या रानातून वाकून वाकून आले होते. घरात गेले, डगला घातला. मी पाणी दिलं ते उभ्यानं पूर्ण प्यायले. मग पारासमोर जाऊन ओरडले, "खडे रहो!"

पहिल्यांदा तांड्याचा नाईक आला. मग इकडून तिकडून तीस-चाळीस माणसं. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी. आणि मौन सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल नसेल, तोच वेशीतून खाकीवाले आले. दहा-बारा जण, खांद्यावर बंदुका. बहुतेक हवालदारांच्या मागावरच आले असावेत.

त्यांचा म्होरक्या सरळ पारापाशी आला. "ये क्या जलसा है?"

हवालदारांची नजर हातातल्या घड्याळावर.

"बहरे हो क्या? किसका झंडा लगा रहे हो?" त्यानं बंदुकीची नळी हवालदारांच्या बिल्ल्यांना लावली. बिल्ले एकमेकांवर आपटून वाजले, तेवढाच आवाज. हवालदार हलले नाहीत. गावही हललं नाही. धैर्यानं नव्हे, पाय उचलायची ताकदच कुणात उरली नव्हती.

वेळ भरली. हवालदारांनी घड्याळ मिटलं आणि नळी छातीला असतानाच ओरडले, "शेख इमाम!"

म्होरक्या दचकला. "कौन शेख इमाम?"

"मेरा जोडीदार. बसरे में मरा. उसकी बेवा वो खडी है."

खातूनबी डोक्यावरचा पदर सावरत पुढं आली. म्होरक्यासमोर उभी राहिली. "ये हर साल मेरे आदमी का नाम लेते हैं, बेटा. इस मुल्क में दुसरा कोई लेता है क्या?"

म्होरक्या तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं नळी खाली घेतली. पाटलांच्या बळदातली ज्वारी गाडीत भरून नेली, दोघांच्या थोबाडीत दिल्या, पण गावाला काडी लावली नाही. शेजारची दोन गावं त्या हिवाळ्यात जळाली. आमचं राहिलं. त्या दुपारी बायकांनी खातूनबीच्या पायांना हात लावला. मीही लावला.

पुढल्या भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. खाकीवाले कपडे फेकून कुठं पांगले ते कळलंही नाही. गावात गुलाल उडाला, आमचे हे पहिल्यांदाच मोठ्यानं हसलेले मी पाहिले. मला वाटलं, आता ट्रंक कायमची सोडायची.

पण भीती गेली नाही, फक्त तिनं घर बदललं. ज्यांची माणसं मेली होती, ज्यांचे गोठे-गंज जळाले होते, त्यांना खाकीवाले सापडेनात. मग ते त्यांच्या धर्माचा जो सापडेल त्याला धरू लागले. घोळके गावोगाव फिरू लागले. आमच्या गावातली मुसलमानांची चार घरं हिंगोलीला निघून गेली. खातूनबी गेली नाही. "मला कोन काय करंल? समद्या गावच्या लेकीबाळींच्या हातात माझ्या बांगड्या हायेत."

हवालदारांना वारं कळत होतं. एका सकाळी तिच्या घरी गेले आणि तिला, तिच्या बांगड्यांच्या टोपलीसकट, आमच्या मागच्या खोलीत आणून बसवलं. ती रागावली होती. त्याच दुपारी घोळका आला. बाहेरगावचीच माणसं जास्त. पण त्यांच्या पुढं वाट दाखवायला पाटलांचा थोरला मुलगा माणिक होता. त्याच्या मामाला खाकीवाल्यांनी झाडाला बांधून मारलं होतं. मामाच्याच घरी वाढलेला तो. त्या दिवसापासून कुणाशी धड बोलत नव्हता.

खातूनबीचं घर त्यानं दाखवलं. ते पेटलेलं आम्ही मागच्या झरोक्यातून पाहिलं. तिनं तोंडात पदर कोंबला, पण आवाज काढला नाही. मग ते तिला शोधत आमच्या दाराशी आले.

हवालदार डगला घालून उंबऱ्यावर उभे होते. "माणिक," म्हणाले, "आरं, खातूनबीच्या नवऱ्याच्या नावानं तुझ्या बापाचं घर वाचलं. काहून इसरून राहिला?"

"माझा मामा न्हाई वाचला," माणिक म्हणाला.

तेवढ्यात मागून दगड आला. हवालदारांच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, ते भिंतीला टेकले, पण उंबरा सोडला नाही. आणि माझ्या शेजारून हे उठले. शाळेची तपासणी म्हटली तरी ज्यांना घाम फुटायचा, ते हे. मी हाताला धरलं, तो सोडवून घेतला. जाऊन हवालदारांच्या शेजारी उंबऱ्यावर उभे राहिले. एका हातानं दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती, ते मला मागून दिसत होतं. मग शेजारचा सुतार आला. मग तांड्याचा नाईक, काठ्या घेऊन आलेली त्याची माणसं. बराच वेळ दोन्हीकडची माणसं एकमेकांसमोर नुसती उभी. शेवटी बाहेरगावच्या माणसांना पुढच्या गावाची घाई झाली असावी. शिव्या देत निघून गेले.

त्या डोळ्यानं हवालदारांना पुढं दिसेनासं झालं.

नोव्हेंबर आला. हिंगोलीच्या वाटेला त्या साली हे त्यांच्यासोबत गेले. खातूनबी अजून आमच्याच मागच्या खोलीत राहत होती. गावात कुणी तिच्याकडे वर मान करून बघत नव्हतं, आणि बांगड्या भरायलाही कुणी येत नव्हतं. लाजेनंच येत नसावेत, पण तिला ते कसं कळणार.

अकरा तारखेला पारासमोर न भूतो अशी गर्दी. यायचं नाही असं म्हणायला कुणाची छाती झाली नसावी. खातूनबी बायकांच्यात न थांबता पुढं जाऊन हवालदारांपासून दोन हातांवर उभी राहिली. आणि मागून माणिक आला. कोपऱ्यात उभा राहिला असता तर कुणी बोललं नसतं. तो पुढं आला, मान खाली घालून रांगेत उभा राहिला.

हवालदारांनी एका डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हाकलतील. त्यांचा चेहरा उलट मऊ झाला. "ये," म्हणाले. "हितं ये. भाबीच्या बाजूला उभा राहा."

माणिक दोन पावलं आला.

"न्हाई," खातूनबी म्हणाली. हळूच, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "हवालदार, तुमी माझ्या मानसासाठी येवढी वर्षं उभे राह्यले. मी तुमचे उपकार इसरणार न्हाई. पन माझं घर जाळणाऱ्यानं माझ्या मानसासाठी उभं राहू नये. तुमाला त्याला माफी द्यायची तर तुमच्या डोळ्याची द्या. माझ्या घराची तुमी देऊ नका."

हवालदारांच्या हातात उघडं घड्याळ होतं. मी इतकी जवळ होते की काटा दिसत होता. अकरा वाजले, आणि अकरा वाजून गेले. ते ओरडले नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती घटका त्यांच्या हातातून निसटली होती आणि त्यांनी ती निसटू दिली.

मग ते माणिकला म्हणाले, "बाई बराबर बोलते. मी चुकलो. तू जा पोरा."

माणिक गेला. लोकांनी वाट दिली. हवालदार त्याच्या पाठीकडे बघत राहिले, मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "खडे रहो." ती दोन मिनिटं उशिरानंच झाली. हजेरी झाली. शेख इमामचं नाव घेतल्यावर ते नेहमीपेक्षा जास्त थांबले.

गूळ-शेंगदाणे वाटायला मीच पुढं झाले तेव्हा दिसलं. माणिक घरी गेला नव्हता. पाराच्या पलीकडे, पडक्या आडाच्या तिकडे, जिथं कुणाचं नाव ऐकूसुद्धा येणार नाही अशा जागी तो हात सरळ खाली सोडून, ताठ उभा होता. गर्दी पांगली. लोक त्याच्याकडे बघत आपापल्या घरी गेले. पाटील येऊन त्याला ओढू लागले. तो हलला नाही. ऊन डोक्यावर आलं. घरी मी भाकरी टाकल्या, पहिली पंगत उठली. तो तिथंच.

खातूनबी खोलीच्या दारात बसली होती. तिथून आड दिसायचा. ती बराच वेळ बघत होती. जेवली नाही.

शेवटी तिनं मला हाक मारली. "बेटी, जा. त्याला म्हणावं, झालं. घरी जा."

"एवढंच सांगू?"

"येवढंच."

मी उन्हातून आडाकडे गेले. त्याचे ओठ सुकलेले होते, डोळे उघडे पण कुठं बघत होता कळत नव्हतं. मी म्हटलं, "माणिक, खातूनबी म्हणतात, झालं. घरी जा."

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. "त्या म्हणल्या? का हवालदार म्हणले?"

"त्याच म्हणाल्या."

मग तो चालायला गेला, पण पाय आखडले होते. दोन पावलं टाकून तो आडाच्या काठाला धरून खाली बसला आणि मामाच्या मरणापासून त्याच्या डोळ्यांतून न आलेलं पाणी तिथं आलं.